पाचवा ठिपका

डंडीत नोव्हेंबर म्हणजे चार वाजताच दिवा.
टे नदीवरून वारा येतो, काचघराच्या फटींतून शीळ घालतो,
आणि आत, बावीस अंशांवर,
हे झाड अवघडल्यासारखं उभं असतं,
ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरून आलेलं.
मीही कुठून कुठून आलेली.
आम्ही एकमेकांना विचारत नाही.

मॉयरा विचारायची.
मॉयरा गेडिस, एकतीस वर्षं या झाडाची माळीण.
"तुमच्याकडे ह्याचं कोणी नात्यातलं?"
मी बोटं मोडून दाखवली: वांगं, मिरची, बटाटा,
भुईरिंगणी, आणि उकिरड्यावरचा धोतरा,
ज्याचं फूल देवाला चालतं आणि बी चोराला.
ती म्हणाली, असा एक प्रत्येक घरात असतोच.

कुंडी बदलायची म्हणून त्या वर्षी मुळं छाटली,
ती मला मिळाली, बादलीभर, मातीसकट.
नळाखाली धरून केसांसारखी मोकळी केली,
तीन दिवस मंद आचेवर वाळवली, दळली.
दळताना तोंडाला फडकं बांधायचं विसरले,
तर रात्रभर जीभ तव्यासारखी,
आणि आरशात बाहुल्या एवढ्या मोठ्या
की डोळ्यांना रंगच उरला नाही.

लोकांना वाटतं, विष पानात.
पान नुसतं साठवतं.
शिजतं सगळं खाली, काळोखात,
पांढऱ्या कोवळ्या मुळांच्या टोकांशी,
आणि मग खोडातून वर जातं,
माहेरून डबा जावा तसं, न बोलता.

आधी आम्ल, मग अमोनिया, मग क्लोरोफॉर्म, पुन्हा आम्ल.
जे खरे अल्कलॉइड, ते दर वेळी काठ बदलतात,
बाकीचे मागे राहतात, गढूळ.
शेवटी काचेच्या पट्टीवर फवारा मारला
की शेंदराचे ठिपके उठतात.
हायोसायमीन. स्कोपोलामीन.
एक निकोटीनच्या भावकीतला. एक त्याचाच धाकटा.
आणि पाचवा, फिकट,
जवळजवळ नाहीच म्हणावा असा.
यंत्र त्याचं वजन सांगतं. नाव नाही.

ऋषीचं कुळ अन् नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
झाडाचं कुळ आणि मूळ, दोन्ही विचारण्याचा
मला पगार मिळतो.

फेब्रुवारीत मॉयराला हॉस्पिसमध्ये हलवलं.
खिडकीतून रेल्वेचा पूल, त्याच्या खाली पाणी शिसाच्या रंगाचं.
ती बोलत नव्हती. घशात नुसती घरघर,
उकळी फुटलेल्या भांड्यावरच्या झाकणासारखी.
मुलगा, ॲलास्टर, खिडकीशी उभा राहून
आवाज ऐकायचं टाळत होता.
नर्सनं सुई जोडली. म्हणाली, ह्यानं शांत वाटेल.
तिला नाही, तुम्हाला.
मी लेबल वाचलं, सवयच ती:
हायोसीन.
म्हणजे दुसरा ठिपका. त्याचं हे सासरचं नाव.

आमच्या झाडाचं नव्हतं ते.
कुठल्या तरी मळ्यातलं, कुठल्या तरी कारखान्यातलं, बॅच नंबरचं.
तरी ॲलास्टरला सांगावंसं वाटलं,
की तुझ्या आईनं याच्याच एका भावाला
एकतीस हिवाळे जगवलंय.
नाही सांगितलं. त्याचं लक्ष पुलाकडे होतं.
तासाभरानं घरघर थांबली,
श्वास मात्र आणखी थोडा वेळ येत-जात राहिला.

आमच्याकडे पूर्वी सणावाराला
लेकीला न्यायला माणूस पाठवत.
त्याला म्हणायचे, मूळ आलं.
उंबऱ्यावर पाय न ठेवता तो ओसरीत बसायचा,
आणि लेक आत लगबगीनं लुगडी बांधायची.
हा शब्द इंग्रजीत कसा सांगायचा, ते मला सुचेना,
म्हणून मराठीतच, तिच्या कानाशी,
हळू.

वहीत पाचव्यापुढे अजून प्रश्नचिन्हच आहे.
झाडाला पाणी मंगळवारी आणि शुक्रवारी, आता मीच घालते.
नळाला तिच्या हातची चिठ्ठी बांधलेली आहे, शाई फुटलेली:
मुळाशी घाल.
डोक्यावर नको.